बशीत वाढलेली त्वचा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे कॉम्प्युटरसमोर बसायला बंदी होती. ती उठली, आणि लिहायला विषयही मिळाला. विषय माझा नाही, नातीचा आहे. आणि निमित्त थोरल्या जाऊबाईंचं.

झालं असं, की पुतण्याकडे वास्तुशांत होती. जेवणं झाली, पानं लावत बसलो होतो, आणि जाऊबाईंनी एकदम सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, तुझी नात म्हणे गाईच्या वासराचं रक्त घालून माणसाची कातडी वाढवते?" पाच-सात बायका एकदम गप्प झाल्या. आमच्याकडे अजून वसुबारसेला गहू न खाण्याची पद्धत आहे, त्यामुळे प्रश्न साधा नव्हता. मला उत्तर माहीत नव्हतं. मी म्हटलं, "विचारून सांगते."

रात्री फोन लावला. नात पुण्यात पीएचडी करते. ती हसली नाही, याचं मला बरं वाटलं. म्हणाली, "आजी, रक्त नाही, सीरम. आणि जन्मलेल्या वासराचं नाही, त्याच्याही आधीचं. पण माझं कामच मुळी ते सीरम काढून टाकायचं आहे."

आता मी इतिहासाची बाई. बी.ए. मराठी माध्यमातून, विज्ञानाशी संबंध जुन्या मॅट्रिकपुरता. मला 'कसं' पेक्षा 'कधी, कुणी आणि का' हे प्रश्न चटकन सुचतात. मी तिला तेच विचारत गेले. तिनं लेख पाठवले, फोनवर समजावलं, मी वहीत उतरवून घेतलं. खाली आहे ते त्या वहीतलं. चूक सापडली तर ती माझी समजावी.

आणखी एक कारण आहे, ते आधीच सांगून टाकते. १९८३ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई स्टोव्हच्या भडक्यानं भाजल्या. साठ टक्के. तेव्हा घरोघरी पंपाचे स्टोव्ह आणि घरोघरी नायलॉनच्या साड्या होत्या. मी रोज शाळा सुटल्यावर जात असे. एकदा मी डॉक्टरांना विचारलं, की कातडी लावतात ना म्हणे? माझी देते. ते थकलेले होते, पण नीट बोलले. म्हणाले, "बाई, तुमची कातडी त्यांना टिकणार नाही. त्यांचीच लागते. आणि त्यांची उरली आहे कुठे?" बाई अठराव्या दिवशी गेल्या. हे वाक्य माझ्या डोक्यात चाळीस वर्षं राहिलं. नातीनं त्वचेवर काम करायचं ठरवलं, तेव्हा पहिल्यांदा आठवलं ते हेच.

त्या डॉक्टरांचं म्हणणं खरं होतं आणि ते का खरं होतं, हेही दुसऱ्या महायुद्धात कळलेलं होतं. इंग्लंडमध्ये भाजलेल्या वैमानिकांची संख्या वाढली, तेव्हा पीटर मेडावर या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला या प्रश्नावर कामाला लावलं गेलं. ग्लासगोच्या रुग्णालयात टॉमस गिब्सन या सर्जनबरोबर त्यानं १९४३ मध्ये दाखवून दिलं, की दुसऱ्याची त्वचा काही दिवस धरते आणि मग शरीर ती झिडकारतं. त्याच माणसाची त्वचा परत लावली तर आणखी लवकर झिडकारतं. म्हणजे शरीर लक्षात ठेवतं! याच वाटेनं पुढे जाऊन मेडावरना १९६० चं नोबेल मिळालं. पण भाजलेल्या माणसापुढचा पेच तसाच राहिला. स्वतःचीच त्वचा हवी, आणि ती तर जळून गेलेली.

मग जी थोडीशी उरली आहे, तीच बाहेर काढून वाढवता आली तर?

शरीराबाहेर पेशी जगवायचा खेळ तसा जुना. १९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसननं बेडकाच्या गर्भातला मज्जातंतूचा तुकडा गोठलेल्या लसिकेच्या थेंबात लटकवून ठेवला आणि त्याला फुटणारे धागे सूक्ष्मदर्शकातून पाहिले. मग न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सिस कॅरेल आला. हा मोठा नाटकी गृहस्थ. त्याच्या प्रयोगशाळेत काळे झगे आणि काळ्या टोप्या घालून काम चाले. कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा एक तुकडा त्यानं जानेवारी १९१२ मध्ये काचेत ठेवला. तो १९४६ पर्यंत, म्हणजे कॅरेल वारल्यावरही दोन वर्षं, वाढत असल्याचं सांगितलं जाई. वर्तमानपत्रांनी त्याला 'अमर हृदय' करून टाकलं. पुढे १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं, की माणसाच्या साध्या पेशी पन्नासेक वेळा दुप्पट होतात आणि थांबतात. मग कॅरेलच्या पेशी कशा थांबल्या नाहीत? एक शंका अशी, की त्यांना अन्न म्हणून जो कोंबडीच्या गर्भाचा रस घातला जाई, त्याबरोबर दर वेळी नव्या जिवंत पेशीही जात असाव्यात.

ही शंका मला फार महत्त्वाची वाटते. अन्नात काय आहे हे माहीत नसलं, की चौतीस वर्षांच्या निरीक्षणाचाही भरवसा राहत नाही.

आणि अन्नात काय आहे हे खरंच कुणाला माहीत नव्हतं. गोठलेलं प्लाझ्मा, गर्भाचा रस, नाळेतलं रक्त, जे चालेल ते. १९५० च्या दशकात हॅरी ईगलनं ही सगळी जुळणी नीट मांडायला घेतली. कोणती अमिनो आम्लं, कोणती जीवनसत्त्वं, किती मीठ, किती साखर. १९५५ साली त्याची यादी आली. पण सगळं मोजूनमापून घातल्यावरही पेशी वाढायला वर थोडं सीरम लागायचंच. पुष्कळशा पेशींच्या पाककृतीत शेवटची ओळ तीच: दहा टक्के सीरम घाला.

सीरम म्हणजे काय, हे मी नातीला तीनदा विचारलं. रक्त बाहेर काढून ठेवलं की गोठतं. गुठळी खाली बसते आणि वर पिवळसर पाणी सुटतं. दही लागल्यावर निवळी सुटते ना, तसं. ते पाणी म्हणजे सीरम. त्यात शेकडो प्रथिनं, संप्रेरकं, क्षार असतात. आणि सगळ्यात चांगलं कुठलं ठरलं, तर गाईच्या गर्भातलं. कारण गाईच्या वारेतून आईची प्रतिपिंडं गर्भाकडे जात नाहीत, म्हणून पेशींना मारक असं त्यात कमी असतं. आणि गर्भ वाढता असल्यामुळे वाढीचे घटक मात्र भरपूर. मांसासाठी कापलेली गाय गाभण निघाली, तर त्या गर्भाच्या हृदयात सुई घालून रक्त काढतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे पाच लाख लिटर असं सीरम तयार होई आणि त्यासाठी दहा लाखांहून जास्त गर्भ लागत.

हे ऐकून मी फोन ठेवला आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन बसले. जाऊबाईंचा प्रश्न मला आधी वाटला होता तितका भाबडा राहिला नव्हता.

पण आता त्वचेकडे येऊ. गोष्टीला खरी वळणं इथे आहेत.

आपल्या त्वचेच्या वरच्या थरात ज्या पेशी असतात त्यांना केराटिनोसाइट म्हणतात. तळाच्या पेशी विभागत राहतात, वर सरकतात, कडक होतात, मरतात आणि अंग चोळताना गळून पडतात. खालच्या थरात दुसऱ्या असतात, फायब्रोब्लास्ट. त्वचेचा तुकडा सीरमच्या पाण्यात ठेवला, की फायब्रोब्लास्ट तणासारखे माजत आणि केराटिनोसाइट दोन-चार वेळा विभागून कडक होऊन बसत. वर्षानुवर्षं हेच. पेरलं धान आणि उगवलं तण.

वाट काढली हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचा विद्यार्थी जेम्स राइनवॉल्ड यांनी, एमआयटीमध्ये. ते त्वचेच्या मागे नव्हतेच! उंदरातल्या एका विचित्र गाठीच्या पेशी वाढवत होते. त्यात त्यांना त्वचेसारख्या पेशींचे पुंजके दिसले, पण शेजारी फायब्रोब्लास्ट असले तरच वाढणारे. मग त्यांनी उलटा डाव टाकला. उंदराचे फायब्रोब्लास्ट घेतले, किरणांनी त्यांची विभागायची शक्ती काढून टाकली आणि बशीच्या तळाशी अंथरले. जिवंत आहेत, पण माजणार नाहीत. त्या अंथरुणावर माणसाच्या त्वचेच्या पेशी टाकल्या. (अमेरिकेत नवजात मुलांची सुंता सर्रास होते, तिथून तो तुकडा मिळे. नातीनं हे सांगताना घसा खाकरला!) पेशी वाढल्या. एकेका पेशीचा पुंजका झाला, पुंजके एकमेकांना भिडले. १९७५ साली हे प्रसिद्ध झालं.

तरी सीरम होतंच. उंदीर अंथरुणाला, गाय अन्नाला. त्यात १९७७ मध्ये त्यांनी ईजीएफ नावाचा वाढीचा घटक घातला. हा स्टॅन्ली कोहेननी शोधलेला. त्यांना १९८६ चं नोबेल मिळालं. आणि १९७८ मध्ये ग्रीननी आणखी एक गोष्ट घातली, जी वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. कॉलऱ्याचं विष!

इथे आपलं कलकत्ता येतं. पटकीचा जंतू कॉखनं ओळखला, पण तो माणूस कसा मारतो, हे कुणाला पक्कं दाखवता आलं नव्हतं. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून, त्यात जंतू गाळून काढलेलं नुसतं पाणी सोडलं. तरी आतडं पाण्यानं फुगलं. म्हणजे मारतं ते जंतूनं सोडलेलं विष. १९५९ साली 'नेचर'मध्ये त्यांचा लेख आला. डे १९८५ मध्ये वारले. जोशुआ लेडरबर्गसारख्या नोबेलविजेत्यानं त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं, तरी आपल्याकडे त्यांची हवी तशी कदर झाली नाही. मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, कॉखचं नाव मला माहीत होतं आणि डे यांचं नव्हतं. तेच विष अगदी सूक्ष्म प्रमाणात दिलं, तर त्वचेच्या पेशींना आतून 'वाढा' असा इशारा मिळतो, असं ग्रीननी दाखवलं. डे यांनी शोधलेलं विष आज भाजलेल्यांसाठी त्वचा वाढवताना बशीत पडतं. पाठ्यपुस्तकात ही ओळ असायला हवी होती.

१९७९ मध्ये ग्रीनच्या गटानं बशीतला अख्खा थर एका जंतूपासून मिळणाऱ्या एन्झाइमनं अलगद सोडवून दाखवला, पापुद्र्यासारखा. १९८१ मध्ये बॉस्टनला भाजलेल्या रुग्णांवर तो पहिल्यांदा लावल्याचं प्रसिद्ध झालं. आणि मग १९८३. वायोमिंग राज्यातले दोन छोटे भाऊ, पाच-सहा वर्षांचे, ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेले. त्यांना बॉस्टनला आणलं. जी काही त्वचा वाचली होती तिचे छोटे तुकडे घेतले, तीन-चार आठवडे वाढवले आणि निम्म्याच्या आसपास शरीर त्यांच्याच पेशींच्या पापुद्र्यांनी झाकलं. दोघंही वाचले. १९८४ मध्ये त्यावरचा लेख आला.

१९८३. मी तारखा शिकवत आले जन्मभर, पण ही तारीख वाचून पुढे वाचवेना. आमच्या बाई साठ टक्के होत्या.

नातीला हे सांगितलं. ती जरा थांबून म्हणाली, "आजी, तेव्हा आपल्याकडे ते शक्यच नव्हतं. आणि अजूनही तीन आठवडे जंतूंपासून सांभाळायचं, हाच अर्धा प्रश्न आहे." तेही खरंच. हा पापुद्रा फार नाजूक, खालचा थर नसलेला. तो तयार होईपर्यंत जखम उघडी ठेवता येत नाही. तोवर मृत दात्याची त्वचा तात्पुरती लावतात. मेडावरनी सांगितल्याप्रमाणे ती टिकत नाही, पण काही दिवस जीव राखते. आपल्याकडे मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मरणानंतर सहा तासांच्या आत त्वचा घ्यावी लागते. मांड्या, पाय आणि पाठ इथला पातळ थर काढतात, चेहऱ्याला हात लावत नाहीत. मी फॉर्म भरला आहे आणि तो देवघराच्या खणात ठेवला आहे. घरच्यांनी हे वाचलं की शोधाशोध नको.

तर प्रश्न असा, की ग्रीनची रीत चालत होती, माणसं वाचत होती, मग सीरम काढायचा अट्टहास कशाला?

हा प्रश्न पडलेली माणसं आधीपासून होती, आणि त्यातला गॉर्डन सॅटो मला सगळ्यात आवडला. जपानी आईबापांचा, अमेरिकेत १९२७ साली जन्मलेला. युद्धात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा हा मुलगा कॅलिफोर्नियातल्या मॅन्झनार छावणीत होता. पुढे शास्त्रज्ञ झाला. त्याचं म्हणणं असं, की सीरम म्हणजे जादूचं पाणी नव्हे. पेशींना त्यातली संप्रेरकंच मुख्यतः हवी असतात, आणि प्रत्येक जातीच्या पेशीला वेगवेगळी. १९७६ मध्ये इझुमी हायाशींबरोबर त्यानं एका जातीच्या पेशी सीरमशिवाय, मोजक्या संप्रेरकांवर वाढवून दाखवल्या. म्हातारपणी हा माणूस एरिट्रियात गेला आणि लाल समुद्राच्या ओसाड किनाऱ्यावर खारफुटी लावू लागला. तिथे खारफुटी का उगवत नाही? तर समुद्राच्या पाण्यात नायट्रोजन, फॉस्फरस आणि लोह पुरेसं नाही. तेवढं प्रत्येक रोपाच्या मुळाशी पुरवलं. झाडं आली, शेळ्या-मेंढ्यांना चारा झाला. त्या कामाला त्यानं नाव दिलं, 'मॅन्झनार'. ज्या छावणीत कोंडलं तिचं!

त्वचेच्या पेशींसाठी हे काम केलं रिचर्ड हॅमनी, कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या विद्यापीठात. हॅमची रीत म्हणजे सुगरणीची. सीरम थोडं कमी करायचं. पेशी हिरमुसल्या, की अन्नातला एकेक घटक कमी-जास्त करून पाहायचा. जमलं, की सीरम आणखी कमी. पुन्हा तेच. वर्षानुवर्षं. त्यांच्या यादीत शेवटी तांबं, सेलेनियम, मँगेनीज, व्हॅनेडियम आणि चक्क कथील आहे. लहानपणी दारात कल्हईवाला यायचा, त्याच्याकडचं कथील! अर्थात अगदी नाममात्र. १९८२ मध्ये त्यांच्या गटानं माणसाच्या केराटिनोसाइट पूर्णपणे माहीत असलेल्या मिश्रणात वाढवल्या. सीरम नाही, उंदराचं अंथरूणही नाही.

आणि तेव्हा एक उलटीच गोष्ट उजेडात आली. सीरम त्वचेच्या पेशींना वाढवत होतं, तसंच अडवतही होतं.

एक कारण कॅल्शियम. रक्तात असतं त्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी कॅल्शियम ठेवलं, तर या पेशी विभागत राहतात. वाढवलं, की एकमेकींना धरून थर रचतात आणि कडक व्हायला लागतात. उंदराच्या पेशींवर हे १९८० मध्ये दिसलं होतं. माणसाच्या पेशींवर बोल्डरच्या स्टीव्हन बॉयस आणि हॅम यांनी १९८३ मध्ये दाखवलं. (पुन्हा तेच साल.) दुसरं कारण, सीरममधला टीजीएफ-बीटा नावाचा घटक. तो या पेशींची वाढ थांबवतो, हे १९८६ मध्ये मेयो क्लिनिकच्या गटानं दाखवलं. म्हणजे पन्नास वर्षं जे अमृत म्हणून घालत होते, त्यातच या पेशींना 'पुरे' म्हणणारं काहीतरी होतं.

नातीनं यावर एक गोष्ट सांगितली, ती मला फार पटली. अंगात वाहतं ते सीरम नव्हे. सीरम तयार होतं रक्त गोठल्यावर, म्हणजे जखम झाल्यावर. गोठताना बिंबिका फुटतात आणि आपल्याजवळचं सगळं ओततात. त्यामुळे सीरममध्ये ठेवलेल्या पेशीला अहोरात्र एकच बातमी मिळत असते: कुठेतरी फाटलंय, धावा. फायब्रोब्लास्ट तर धावण्यासाठीच असतात, म्हणून ते माजतात.

इथे ही गोष्ट गोड शेवटाशी आली, असं मला वाटलं होतं. तसं नाही. कारण हॅम-बॉयसच्या मिश्रणात पेशी जोमानं आणि पुष्कळ पिढ्या वाढाव्यात, म्हणून जी गोष्ट घालायचा प्रघात पडला, ती म्हणजे गाईच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क. बाटलीवर लिहिलेलं 'सीरम-फ्री', आणि आत गाय आहेच! खोटं काही नाही. सीरम नाही म्हटलंय, गाय नाही असं कुठे म्हटलंय? नातीला मी म्हटलं, हे 'उपासाला चालतं' सारखंच झालं. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गाईंचा वेडाचा रोग ओळखला गेला, १९९६ मध्ये तो माणसांत आल्याचं जाहीर झालं, आणि मग गाईच्या डोक्यातल्या कुठल्याही गोष्टीकडे लोक संशयानं बघू लागले. त्यानंतर तो अर्कही नसलेली मिश्रणं वाढली. इन्सुलिन तोवर जंतूंकडून बनवून घेता येऊ लागलं होतं (१९८२ पासून), तसंच ईजीएफही. आता खरोखर गाय-डुक्कर-उंदीर नसलेलं अन्न मिळतं. महाग आहे, आणि त्यात पेशी थोड्या लाडावलेल्या मुलांसारख्या वागतात, असं नात म्हणते. सीरममध्ये चूक खपते, यात खपत नाही.

आणि दवाखान्यात? २०१५ साली जर्मनीत बोखुम इथे सात वर्षांचा एक निर्वासित सीरियन मुलगा होता. जन्मजात आजारानं त्याची त्वचा हात लावला तरी सुटून येई. इटलीतल्या मोदेनाच्या मिकेले दे लुका यांनी त्याच्याच पेशींतला दोष सुधारून त्वचा वाढवली आणि शरीराचा ८० टक्के भाग झाकला. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मुलगा शाळेत जाऊ लागला. दे लुका हे ग्रीनच्या तालमीत तयार झालेले. आणि कृती? १९७५ चीच. उंदराचं अंथरूण, गाईचं सीरम, कॉलऱ्याचं विष. अमेरिकेत भाजलेल्यांसाठी असा पापुद्रा करून देतात, त्यालाही २००७ मध्ये सरकारी मान्यता देताना उंदराच्या पेशींमुळे 'परप्राणी' या वर्गाचे नियम लावले गेले.

मी नातीला जरा चिडूनच विचारलं, मग तुझ्या कामाचा उपयोग काय? ती म्हणाली, "आजी, ज्या कृतीनं पोरं जगलीत, ती बदलताना पुरावा लागतो. नव्या अन्नात मूळ पेशी, ज्या पुढे आयुष्यभर त्वचा करत राहतात, त्या तितक्याच टिकतात का, हे दाखवावं लागतं. नुसत्या भरभर वाढल्या म्हणून चालत नाही. मी तेच मोजते." म्हणजे रोज दोन बशा. एकीत सीरम, एकीत सीरमशिवाय. जिच्यातलं सीरम तिला काढायचं आहे, ती बशीही तिला ठेवावीच लागते, तुलनेसाठी. फ्रीजमध्ये सीरमची बाटली आहे, तिच्यावर ब्राझील लिहिलेलं आहे. गोहत्येचा प्रश्न आपण परदेशात ढकलला, इतकंच. हे माझं मत, तिचं नाही.

कालच पुन्हा फोन झाला. खालच्या थराच्या फायब्रोब्लास्टना सीरमशिवाय करमत नाही, तर त्यांच्यासाठी ती आता रक्तपेढीत मुदत संपलेल्या बिंबिकांच्या पिशव्या वापरून पाहते आहे. त्या फोडून त्यातलं पाणी घ्यायचं. रुग्णाला देता येत नाहीत, एरवी फेकूनच देतात. म्हणजे गाईच्या जागी माणूस.

आज सकाळी जाऊबाईंना फोन केला आणि हे सगळं जमेल तेवढं सांगितलं. वासराचं सीरम आहे, खोटं बोलत नाही, पण ते घालवण्यासाठीच ती राबते आहे, हेही सांगितलं. गणिताच्या बाईंचंही सांगितलं. त्या जाऊबाईंच्याही ओळखीच्या होत्या, हळदीकुंकवाला यायच्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग शेवटच्या पिशव्यांवर आल्या.

"माणसाचं म्हणजे कुणाकुणाचं गं?"

"कुणाकुणाचं कोण जाणे, वहिनी. ज्यांनी दिलं त्यांचं."

"बरं," त्या म्हणाल्या, "आणि तो तुझा फॉर्म म्हणतेस, तो एक्याऐंशीव्या वर्षी चालतो का?"

चालतो. रविवारी घेऊन जाणार आहे.